पार्सलनं आलेली माळ

कीर्तनाला निघालेले चिंतामणबुवा इंदापूर स्टँडच्या बाकावर टेकले, तेव्हा शेजारी पळसदेवच्या कुशाबाई गावच्याच एका माजी हवालदाराशी बोलत होत्या.

"तात्या, तुमी फौजेत हुता म्हणून इचारते. आमच्या ऋषिराजनं गळ्यातली तुळशीची माळ पार्सलनं घरी धाडली. कमांडो झाला आन् मटणाला लागला!"

"तुमी काय म्हणला त्याला?"

"फोनवर सुनावलं. गळ्यात माळ न्हाय तर माझ्या दारात येऊ नगं."

"मग?"

"हसला. म्हणला, आये, तेवढी जपून ठेव. तवापस्नं फोन बंद हाय."

"वहिनी, पोरगं मटणाला न्हाय लागलं. गुपचूप मोहिमेवर जाताना अंगावर वळखीची खूण ठेवू देत न्हाईत. माळ, अंगठी, फोटो, समदं काढाय लागतं."

"का वं?"

"दुश्मनाच्या हाती घावला, तर कोण कुठला त्ये कळू नये म्हणून."

 शेजारी बसलेल्या बुवांचा हात आपल्या गळ्यातल्या माळेकडं गेला.

"माळ हाय न्हवं घरात?"

"रागाच्या भरात उजनी धरणात सोडली, तात्या."

बारामतीची गाडी लागली.

"चला, वहिनी."

"तुमी जावा. मी माघारी जाते. पाणी उतरलंय, काठाच्या चिखलात घावंल."