आतलं कापड

पँट आखूड करून घ्यायला शिंप्याकडे थांबलेल्या मास्तरांच्या कानांवर पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“मुलीचं लग्न आहे. नवा कोट घ्या ना.”

“कशाला उगाच खर्च? खांदे बघ, कसे चपखल बसलेत. तिथे बसला की कोट जिंकला.”

“आणि पोटाशी? माझा अख्खा हात आत जातोय.”

“आजाराने पोट नेलं, हाडं थोडीच नेली! शिंपीदादा, दोन्ही बाजूंनी आत घ्या.”

“घेतो. जास्तीचं कापड कापून टाकू?”

“छे! कापायचं नाही. आतच दुमडून ठेवा.”

“अहो, जाड दिसेल ते.”

“दिसू दे. मी पुन्हा अंग धरणार, तेव्हा उसवायला येईन.”

“मग दादा, टाके जरा लांबलांबच घाला. उसवायला सोपे जातील.”