शिखरावरचे रिकामे हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारवड सखारामभाऊ, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले माजी नगरसेवक साहेब, सराफ प्रफुल्लशेठ, महिला पतपेढीच्या मेघनाताई, पहिल्या रांगेत अवघडून बसलेली माझी डोंगरातली सोबतीण दर्शना, आणि बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटलेला असूनही जागेवर टिकून राहिलेल्या माझ्या टिटवाळेकर बंधू-भगिनींनो,

आपण शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. भाऊ तर माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला वाटलं, या बाईंना एकदा भेटायला हवं. लडाखमधल्या त्या शिखराचं नाव त्यांनी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा निराळं घेतलं. मलाही ते धड येत नाही, म्हणून मी आपली 'डोंगर' म्हणते.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांनी माझ्यासाठी भरपूर कामं शोधून ठेवली होती. मी म्हटलं, मला डोंगर चढायचाय. साधासुधा नाही, सहा हजार मीटरच्या वरचा. मुलगा म्हणाला, "आई, आणि तुझे गुडघे?" म्हटलं, त्यांनाही घेऊन जाईन. मग पाठीवर तांदळाची पिशवी बांधून रोज सातव्या मजल्यापर्यंत जिने चढू लागले. आमचा वॉचमन पोपट रोज आठवण करून द्यायचा, "काकू, लिफ्ट चालू आहे." बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं, मी विसरते.

तेव्हा आपण सगळे धावून आलात. बूट प्रफुल्लशेठनी दिले, जाकीट पतपेढीनं, प्रवासाला साहेबांनी हातभार लावला. हे मी कसं विसरेन? पण मदतीबरोबर प्रत्येकानं एकेक फ्लेक्सही दिला. "ताई, वर गेल्यावर धरा आणि फोटो काढा." मंडळाचा धरून चार झाले. मीही शब्द देऊन बसले. पायथ्याशी आमचा वाटाड्या स्टँझिन याने माझी सॅक उघडली, भेंडोळी पाहिली आणि विचारलं, "मॅडम, चढना है या प्रचार करना है?"

तिथली हवा कशी सांगू? बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. पण रोज थोडं थोडं करत आम्ही शेवटच्या तळावर पोहोचलो. तिथून शिखर समोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चढायचं होतं. आणि त्या दुपारी वारा असा सुटला की माझ्या आणि दर्शनाच्या तंबूचं वरचं कापड टराटरा फाटलं.

स्टँझिन आला, फाटका तंबू पाहिला. म्हणाला, "दूसरा टेंट नहीं है. आप दोनों नीचे जाओ, अभी."

मित्रहो, माझ्यासाठी तिथे सगळं संपत होतं. पुन्हा येण्याचं वय माझ्याकडे नव्हतं. मी खाली बसले आणि म्हटलं, "नीचे नहीं जाएगा." माझं हिंदी कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याला समजलं.

तेवढ्यात दर्शना म्हणाली, "ताई, फ्लेक्स काढा ना! आमच्या बाळकुमला पत्रा गळला की हेच टाकतात."

"अगं, ते वर न्यायचेत. शब्द दिलाय मी."

"ताई, आपण खाली गेलो तर वर कोण नेणार? फ्लेक्सला पाय आहेत का?"

मी सॅक उघडली. फ्लेक्सला कडेनं कड्या असतात, त्यात दोऱ्या ओवल्या आणि चारही तंबूवर आवळून बांधले. वाऱ्याच्या बाजूला साहेबांचा नमस्कार लावला. वारा काही त्यांना बधला नाही, पण आतही आला नाही. प्रफुल्लशेठ, तुमच्या जाहिरातीतली नथ घातलेली मुलगी आतल्या बाजूला आली होती, ती सारखी माझ्याकडे बघून हसत होती. स्टँझिननं गाठी ओढून पाहिल्या आणि म्हणाला, "ठीक है. रुको."

निघायच्या वेळी त्या गाठी गोठून दगड झाल्या होत्या. मी सोडवायला बसले तर स्टँझिन ओरडला, "छोडो! चलो!" फ्लेक्स तिथेच तंबूवर राहू दिले आणि चालू लागले. दहा पावलं, की थांबा. पुन्हा दहा. वाटेत दोनदा वाटलं, पुरे. पुरे म्हणायलाही दम लागतो, तो वाचवला आणि चालत राहिले.

पोहोचले.

स्टँझिननं माझ्या काठ्या घेतल्या आणि फोटोसाठी उभं केलं. "हाथ में कुछ पकडो." काही नव्हतंच. आयुष्यभर माझ्या हातात डबा, फाईल, पिशवी, कुणाचं तरी मूल, आरतीचं ताट. या हातांचं करायचं काय हेच मला समजेना. नुसते खाली सोडून उभी राहिले आणि भरपूर रडले. इतकी आनंदात मी कधीच नव्हते.

तो फोटो मी मंडळाला दिला. आता माझ्या मागचा हा मोठा फ्लेक्स बघा. शिखर तेच, बाई तीच. हातात मात्र मंडळाचा फलक! मघाशी भाऊ कौतुकानं म्हणाले, "ताई, हात रिकामे बरे दिसत नव्हते. आमच्या सूरजनं कॉम्प्युटरवर भरले. किती खरं वाटतंय!"

भाऊ, राग आला मला. तुमच्यामुळे मी तिथे गेले, हे मी शंभर सभांत सांगेन. तुमच्या फ्लेक्सनी माझा तंबू वाचवला, हेही सांगेन. पण तिथे मी काहीही न धरता उभी होते, आणि तेवढंच माझं स्वतःचं आहे. तुमचे उपकार माझ्या डोक्यावर राहू द्या. हात मात्र होते तसे राहू द्या.

माझ्या मागचा हा फ्लेक्स उतरेपर्यंत मी सामूहिक फोटोला उभी राहणार नाही. उतरला की सगळ्यांबरोबर हसत उभी राहीन.

आपण प्रेमानं बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर घरची समजून पोटात घाला.

सूरज, शिडी आण रे बाळा. वर मी चढते.