गार खोलीतली तपासणी

मी मूळचा शिरपूरकडचा, लोहाराच्या घरचा. बाप तापलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून सांगायचा, आता घाव घाला, आता थांबा, त्याला काय कोनी डिग्री दिली नव्हती, पन अंदाज कधी चुकला नाही. हे आधी लिहा तुम्ही, म्हंजे पुढं मी शिकलेल्या मानसांना का हसतो ते वाचनाऱ्याला कळंल. ऐंशीच्या सालांत मामाच्या ओळखीनं सिल्वासाला आलो, मसाटच्या कारखान्यात पत्रा कापला, मंग पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळली, आन नंतर आमच्या शेठनं कंप्युटर जोडायचा धंदा काढला तव्हा मला तपासनीवर टाकलं.

त्या कंप्युटरचे लाड काय सांगू तुम्हाला. कारखान्यात आम्ही उन्हाळ्यात घामानं भिजून चिंब, आन त्याला वेगळी काचेची खोली, तिथं एसी, पडदे, चपला बाहेर काढायच्या, हात जोडायचेच तेवढे बाकी व्हते. आत बसायचे आमचे साहेब, पुन्याहून आलेले, इंजिनेर. मोजे घालून त्या खोलीत असे चालायचे जसे गाभाऱ्यात चाललेत. बाहेर आले की रुमाल नाकाला लावायचे. आम्ही मानसं व्हतो, आमचा वास येनारच की.

आता कंप्युटरमधी एक चिप असते, ती चालता चालता तापते. तिच्या डोक्यावर अॅल्युमिनियमचा पात्यापात्यांचा तुकडा बसवतात, त्याला हीटसिंक म्हनतात. तो चिपची गरमी वढून हवेत सोडतो. आन चिप आन तुकडा यांच्यामधी पांढरी पेस्ट लावतात, पातळ, सारखी, जास्त झाली तरी वाईट. ती पेस्ट आमच्याकडं सुमन लावायची, जवळच्या किलवणी गावची, तिच्यासारखा हात मी पाहिला नाही, सुईतून दोरा जावा तसं काम.

शेठकडं या हीटसिंकचे दोन नमुने आले. एक इथलाच, जाड बुडाचा, खडबडीत, पाती लांब लांब. दुसरा मुंबईच्या व्यापाऱ्यानं आनलेला, निळा, चकचकीत, पाती दाट पन बूड कागदासारखं. साहेब म्हने आपन शास्त्रशुद्ध तुलना करू. केली. कुठं? त्याच एसीच्या खोलीत, आन कंप्युटरच्या डब्याचं झाकन उघडं टाकून, का तर तापमान मोजायची तार आत घालायला सोपं जातं. दोन्ही तुकडे सारखेच गार निघाले. निघनारच! त्या खोलीत मी सुद्धा गार निघालो असतो. साहेबांनी कागदावर रेघा वढल्या आन म्हने निळा चांगला, दिसायलाही बरा.

मी म्हनलं साहेब, हे मशीन जानार कुठं, तालुक्याच्या पतसंस्थेत, शाळेत, तिथं पत्र्याखाली मे महिन्यात एसी कोन लावतो, झाकन बंद करा, आन बाहेर जोडनीच्या लाईनवर, दुपारी, पत्र्याखाली तपासा. मी जाड तुकड्याला बोट लावून पाहिलं व्हतं, निळ्यालाही, झाकन बंद करून, दुपारी दोन तास चालवून. जाड्यावर बोट ठेवता यायचं. निळ्यावरचं झटकन उचलावं लागायचं. साहेब हसले, म्हने तुझं बोट काय प्रयोगशाळा आहे का? मोठी विद्वान मानसं, भो! भट्टी गार खोलीत नेऊन म्हनायचं बघा किती गार हाये.

शेठनं निळाच घेतला. पुढं काय व्हनार व्हतं, उन्हाळा लागला आन मशीनी परत यायला लागल्या, एक एक करत खोलीभर, चालता चालता अडकायच्या. शेठ भडकला. साहेबांनी लगेच निदान काढलं, म्हने नमुना बराबर आहे, पेस्ट लावनारीनं चुकवलं. खोटं! परत आलेल्या मशीनी मीच खोलल्या व्हत्या, एकेक, पेस्ट प्रत्येकात सारखी व्हती, किती खोलल्या तरी तेच. सुमन माझ्यापाशी आली, म्हने भाऊ, तुम्हीच उघडून बघितलं ना, बराबर व्हती ना? मी म्हनलं बराबर व्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक कागद पुढं केला. त्यात लिहिलं व्हतं पेस्ट असमान, तपासनीवाल्यानं पाहिलं. म्हने सही कर, नाहीतर उद्यापासून तू येऊ नको. माझी पोरगी तव्हा लहान, खोली भाड्याची, हे मी सांगतो, पन हे काही सांगायसारखं कारन नाही, सगळ्यांचीच पोरं लहान असतात, सुमनचीही दोन व्हती. मी सही केली. इतका वेळ साहेबाला हसत बसलो, तर ऐका, तो नुसता मूर्ख व्हता. मला सगळं ठाऊक व्हतं.

सुमनला काढलं. पावसाळ्यानंतर शेठनं गुपचूप जाड तुकडे मागवले, मशीनी परत यायच्या बंद झाल्या, साहेब मोठ्या कंपनीत गेले, आन सुमनला कोनी परत बोलवलं नाही. मीही शेठला म्हनलं नाही की बोलवा. आता मी तपासनीचा सुपरवायजर हाये, टेबल हाये, पंखा हाये.

ती आता मसाटलाच धाग्याच्या कारखान्यात हाये, पाळी सुटली की रस्त्यात दिसते. मागच्या महिन्यात धीर करून थांबलो, म्हनलं सुमन, बरी हायेस ना? तिनं पदर सारखा केला, माझ्याकडं नीट पाहिलं आन म्हने, बरी हाये, साहेब. भाऊ नाही म्हनली. देव तिच्या पोरांना सुखात ठेवो. मी मान हलवली आन पुढं निघालो.