न झालेले तीस तास

दिनांक २३/०९/२०२५, सकाळी ११.२० वाजता

माझे नाव विश्वंभर वासुदेव लेले, वय ५६ वर्षे, व्यवसाय नोकरी (फिटर विभागाचा निदेशक), राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलिस ठाण्यात हजर राहून समक्ष तक्रारी जबाब देतो तो असा की,

मी वरील पत्त्यावर पत्नी अनुसूया हिच्यासह राहतो. नारळ-सुपारीची लहान वाडी आहे, ती पत्नी पाहते. सन १९९९ पासून मी रेवस रस्त्यावरील किनारा औद्योगिक प्रशिक्षण संस्था या खाजगी संस्थेत फिटरचा व्यवसाय शिकवतो. दहावी झालेली मुले येतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. कानस धरणे, करवत, ड्रिल, मोजमाप, जोडणी असे हाताचे काम आधी आणि मशीन नंतर, अशी आमची पद्धत आहे. दुसऱ्या वर्षी मुलांना सहा आठवडे जवळच्या कारखान्यात पाठवतात. तेथे त्यांनी जाणत्या कामगाराच्या शेजारी उभे राहून शिकायचे असते. उत्पादन काढायचे नसते.

दुसऱ्या वर्षाला प्राप्ती रामचंद्र म्हात्रे, वय १९, राहणार रेवसजवळ, ही विद्यार्थिनी आहे. तिच्या आजोबांचे मिठागर होते. वडील ट्रेलर चालवतात. मुलीला फिटरला घालण्यास वडील तयार नव्हते. गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी मी स्वतः त्यांच्या घरी गेलो होतो. कारखान्यात छपराखाली काम असते, हाताला कसब येते, मुली हे काम चांगले करतात, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "सर, तिथं तिला काय व्हनार न्हाय ना?" मी म्हणालो, "मी आहे." हे शब्द मी वापरले होते, म्हणून लिहून घ्यावे.

प्राप्तीचे कानसकाम वर्गात सर्वांत चांगले होते. तिने घासलेल्या तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडे धरला तर मधून उजेड दिसत नसे. सव्वीस वर्षांत असा हात मी चार-पाच मुलांचा पाहिला. हवालदार साहेबांनी विचारले की याचा तक्रारीशी काय संबंध. संबंध मला सांगता येणार नाही, पण ते राहू द्यावे.

या वर्षी चौदा मुले मे. निलाक्ष प्रेसपार्ट्स या कंपनीत पाठवण्याचे ठरले. तेथे पॉवर प्रेसवर पत्र्याच्या बिजागऱ्या बनतात. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारे मशीन. खाली एक साचा, वर एक साचा, मध्ये पत्रा ठेवायचा. वरचा साचा खाली येताना हात आत राहू नये म्हणून दोन बटणे लांब लांब बसवलेली असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली तरच ठोका पडतो.

आमच्या संस्थेत एक जुना पॉवर प्रेस आहे. त्याची मोटर सन २०२१ मध्ये जळाली. मी दुरुस्तीसाठी तीन वेळा लेखी कळवले. मोटर आली नाही. सध्या त्यावर मुले जेवणाचे डबे ठेवतात.

दिनांक १४/०८/२०२५ रोजी दुपारी संस्थेत ध्वजारोहणाची तयारी चालू होती. मुले पटांगणात रांगा लावत होती. प्राचार्य ओंकार मोकल यांनी मला कार्यालयात बोलावून चौदा कागद पुढे ठेवले. सदर विद्यार्थ्याने पॉवर प्रेसवर तीस तासांचे प्रशिक्षण व सुरक्षेचे धडे पूर्ण केले आहेत, तो मशीन चालवण्यास सक्षम आहे, असा मजकूर प्रत्येकावर होता. खाली निदेशकाची सही असे छापलेले होते. मी म्हणालो, "साहेब, यांनी प्रेस चालू असलेला पाहिलासुद्धा नाही." मोकल साहेब म्हणाले, "कंपनीला फाइलमध्ये लावायला कागद हवाय, लेलेसर. मुलं तिथं बघायलाच जाणार आहेत. चालवायला कोण देतंय त्यांना? कागद गेला नाही तर चौदा जणांची सोय मी कुठं करू?"

मी खुर्चीवर बसून चौदाही कागदांवर, मजकूर खोटा आहे हे माहीत असूनही, सह्या केल्या. दहा मिनिटे लागली असतील. सातवा किंवा आठवा कागद प्राप्तीचा होता.

दिनांक १८/०८/२०२५ पासून मुले कंपनीत जाऊ लागली. नियमाप्रमाणे मी दर आठवड्यास जाऊन पाहायला हवे होते. मी पहिल्या आठवड्यात एकदा गेलो. मला ऑफिसात बसवून चहा दिला आणि मुले छान काम करतात असे सांगितले. मी आत शेडमध्ये गेलो नाही. पुन्हा अपघातापर्यंत गेलो नाही.

दिनांक ११/०९/२०२५ रोजी दुपारी ३.५० च्या सुमारास मी वर्गात असताना निकेत भोईर या विद्यार्थ्याचा फोन आला. तो प्राप्तीबरोबर त्याच कंपनीत आहे. तो म्हणाला, "सर, प्राप्तीचा हात प्रेसमध्ये गेला." मी कोणता हात असे विचारले. त्याने उजवा सांगितले. मी मोटारसायकलने निघालो. कंपनीत पोचलो तोवर तिला अलिबागला रुग्णालयात नेले होते, म्हणून मी तेथे गेलो. तिच्या उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटे गेली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

तिचे वडील रामचंद्र म्हात्रे संध्याकाळी सहाच्या सुमारास रुग्णालयात आले. ट्रेलर वाटेत उभा करून आले होते. कंपनीचे लोक त्यांच्याशी आधी बोलले होते. ते मला म्हणाले, "सर, ते बोलतात पोरगी शिकलेली होती, तिनंच घाई केली. तुमी शिकवलंय तिला. तुमी सांगा, चूक तिची हाय का न्हाय?" पाणी घेऊन येतो असे सांगून मी बाहेर आलो आणि परत आत गेलो नाही. घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी, दिनांक १२/०९/२०२५ रोजी, मी कंपनीत जाऊन ते मशीन पाहिले. मोबाइल गेटवर जमा करून घेतल्याने फोटो काढता आला नाही. दोन्ही बटणे मोकळी होती. परंतु उजव्या बटणाच्या कडेला चिकटपट्टीचा डिंक होता आणि त्यावर तेल व धुळीचा काळा थर बसलेला होता. असा थर एका दिवसात बसत नाही. माझ्या मते उजवे बटण पट्टी लावून अनेक दिवस कायम दाबून ठेवलेले होते. तसे केले म्हणजे एका हाताने ठोका मारता येतो आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवता येतो. काम भरभर होते. सुपरवायझर भिकू पाटील शेजारी उभे होते. मी त्यांना पट्टी कोणी लावली असे विचारले. ते म्हणाले, "मी आलो तेव्हापासनं हाय, सर. सगळ्या मशीनींना हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "मी बोललो असं सांगू नका." मी सांगत आहे.

दिनांक १४/०९/२०२५ रोजी रविवारी सकाळी मी प्राप्तीला भेटलो. ती शुद्धीवर होती आणि नीट बोलत होती. हात बांधलेला होता. तिने सांगितले ते असे. पहिले चार दिवस तिला माल मोजायला ठेवले. पाचव्या दिवशी एक कामगार न आल्याने तिला प्रेसवर उभे केले आणि तेव्हापासून अपघातापर्यंत ती प्रेसवरच होती. ती पुढे म्हणाली, "मी बोलली, मला प्रेस नाय येत. भिकूसर बोलले, कागदावर तर येते. मग त्यांनी फाइल आणून दाखवली. तुमची सही होती."

मी विचारले, "तू मला फोन का नाही केलास?"

ती म्हणाली, "सही बघितली ना सर. मला वाटलं, तुम्ही केलीय म्हणजे काहीतरी बघूनच केली असेल. मला जमेल असं तुम्हाला वाटत असेल."

मी खाटेजवळ उभाच होतो. ती म्हणाली, "सर, उभे काय, बसा ना." मी बसलो. तिने विचारले की डाव्या हाताने पेपर लिहिला तर चालतो का, आणि प्रॅक्टिकलचे काय करायचे. पेपरला लेखनिक मिळतो. प्रॅक्टिकलला कानस दोन्ही हातांनी धरावी लागते. हे मला माहीत आहे. मी तिला, विचारून सांगतो, असे म्हणालो.

अपघाताच्या अहवालात कंपनीने "प्रशिक्षित असूनही विद्यार्थिनीने निष्काळजीपणे हात आत घातला" असे लिहिले आहे. सोबत मी सही केलेला कागद जोडला आहे. अहवालाची प्रत मला प्राचार्यांच्या टेबलावर वाचायला मिळाली.

दिनांक १७/०९/२०२५ रोजी कंपनीचे अधिकारी अल्पेश ठाकूर संस्थेत आले. मोकल साहेबही बसलेले होते. ठाकूर यांनी एक नवीन कागद काढला. दिनांक १०/०९/२०२५ रोजी, म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी, मी कंपनीत येऊन मुलांची पाहणी केली आणि प्राप्ती म्हात्रे हिला मशीनवर लक्ष नसल्याबद्दल ताकीद दिली, असे त्यावर लिहिलेले होते. त्या दिवशी मी दिवसभर वर्गावर होतो, हजेरीपुस्तकात पाहता येईल. मी सही करणार नाही म्हणालो. ठाकूर शांतपणे बोलत होते. म्हणाले, "सर, पहिला कागद खोटा होता असं कोणी म्हटलं तर पहिल्यांदा तुम्हीच अडकणार. हा दुसरा तुमच्याच बचावासाठी आहे." मोकल साहेब म्हणाले, "एक सही केलीच आहे, लेलेसर. दुसरीनं काय फरक पडतो?"

मी विचार करतो असे सांगून तो कागद घरी आणला. सही केलेली नाही. तो आज ठाण्यात जमा करत आहे.

तो कागद पाच दिवस माझ्या घरी होता. पत्नीने वाचला. ती म्हणाली, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत तुमच्या." मी हो म्हणालो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. या पाच दिवसांत मी पोलिसांकडे आलो नाही. याला कारण मी स्वतःच आहे, दुसरे कोणी नाही.

काल दिनांक २२/०९/२०२५ रोजी सायंकाळी ६.३० च्या सुमारास निकेत भोईर याचा पुन्हा फोन आला. तो म्हणाला, "सर, आज मला प्राप्तीच्या प्रेसवर उभं केलंय. पट्टी परत लावलीय." मी त्याला, उद्यापासून जाऊ नकोस, असे सांगितले. तो म्हणाला, "मग ते हजेरी भरून देणार न्हायत सर. मग परीक्षेला बसता येणार न्हाय. पाचच दिवस ऱ्हायलेत. मी सांभाळून करतो." मी, काही झाले तरी जायचे नाही, असे दोनदा सांगितले. आज सकाळी सव्वासात वाजता मी त्याच्या घरी फोन केला. त्याच्या आईने तो पहिल्या पाळीला गेल्याचे सांगितले. डबा विसरून गेला म्हणून ती देण्यासाठी कोणाला तरी शोधत होती.

मी सही केलेल्या चौदा मुलांपैकी तेरा मुले आजही त्या कंपनीत आहेत. त्यांपैकी कोणालाही मी पॉवर प्रेस शिकवलेला नाही. हा जबाब लिहून होईपर्यंत पहिली पाळी चालू असेल. माझी विनंती आहे की बाकीची चौकशी नंतर करावी, आधी कंपनीत माणूस पाठवून ती मशीने बंद करावीत.

माझी मे. निलाक्ष प्रेसपार्ट्सचे व्यवस्थापन आणि प्राचार्य ओंकार मोकल यांच्याविरुद्ध तक्रार आहे. प्राप्ती म्हात्रे हिची या अपघातात काही चूक नाही. हे मी तिच्या वडिलांना अजून सांगितलेले नाही. येथून निघाल्यावर सांगणार आहे.

लिहून झालेला जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चौदा कागदांच्या परिच्छेदात त्यांनी "नजरचुकीने सह्या केल्या" असे घातले होते. मी ते बदलण्यास सांगितले. ते म्हणाले, "सर, तुमच्या सोयीसाठीच लिहिलंय. हा शब्द काढला तर तुमचं नावही आरोपीत येईल." मला ते समजले. तो शब्द माझ्यासमोर खोडून तेथे "मजकूर खोटा आहे हे माहीत असूनही" असे लिहिले आहे. खाडाखोडीशेजारी मी वेगळी सही केली आहे. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे.

सही
वि. वा. लेले