हेल्विकच्या विहिरी

बोटीच्या रांगेत रग्नहिल्डच्या पुढे दोन कारखानदार उभे होते. धाकटा एरलेंड परिषदेत सामाजिक जबाबदारीवर बोलणार होता, थोरला तोरस्टाइन त्याला सल्ला देत होता.

"शाळेला वाद्यं दिलीस, ते सांग. लोकांना आवडतं."

"आणि विहिरींचा अहवाल?"

"परिषद होऊ दे, मग बघू."

"पाण्यात शिसं आहे हो. लहान मुलं पितात ते."

"इतकी वर्षं प्यायलीच ना? आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

"मला झोप लागत नाही."

"जबाबदार माणसानं घाई करू नये, बाबा."

रग्नहिल्ड एक पाऊल पुढे सरकली. "कुठल्या विहिरी?" तिनं विचारलं.

"तुम्ही कुठल्या, बाई?" तोरस्टाइननं सावधपणे विचारलं.

"हेल्विकची. माझी मुलगी चार वर्षांची आहे."

तोरस्टाइननं एरलेंडचा दंड धरला.

"आजपासून तिला ते पाणी देऊ नका," एरलेंड म्हणाला.