झुल्याचं बकल

...आणि वर मलाच म्हणतात, यात एवढा विचार काय करायचा! आवाज जरा बारीक ठेवतोय, कारण आहे त्याला. तर तुम्हाला सांगतो, दोन झाडांच्या मध्ये टांगायचा कापडी झुला, घडी केली की मुठीत मावतो, तो मेहुण्याने मला निवृत्तीची भेट म्हणून दिला. का, तर निवृत्त झाल्यापासून मला झोप नाही. नोकरीत जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या काय झोप लागायची! साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, झोप कायम. आता घरी गादी आहे, पंखा आहे, कुणी फाइल मागत नाही... आणि डोळ्याला डोळा लागत नाही. मेहुणा म्हणाला, "भावजी, शनिवारी आमच्याबरोबर डोंगरावर चला. टांगायचं आणि झोपायचं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! टांगायचं सामान ज्याचं त्याने आणायचं. ते हलकं हवं, कारण आपलं ओझं आपणच वाहायचं, आणि कमीजास्त करता येणारं हवं, कारण झाडं काही आपल्या मापाने उगवत नाहीत. गेलो दुकानात, म्हटलं दोन हुक द्या. दुकानदाराने असं पाहिलं, जणू सोनाराकडे खिळे मागितले. "काका, हुक आता कोण वापरतं? हे बकल घ्या. पट्टा ओढला की आवळतं, दाबलं की सुटतं." घेतलं. दारापर्यंत पोचतो तोच मागून, "कड्या मात्र त्याहून हलक्या हं." परत फिरलो. दोन कड्यांतून पट्टा असा घालायचा, तसा काढायचा, वजन पडलं की आपोआप धरतो. घेतल्या. "आणि अगदीच हलकं हवं तर ही सरकती दोरी, हिला धातूच नाही..." अहो, मग हीच आधी का नाही दाखवलीत? तर म्हणे, ही वापरायची सवय लागते. सवय! झोपेची होती तेवढी सवय मोडली म्हणून तर आलो ना इथे?

तिन्ही घेऊन घरी. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, तर बायको म्हणाली, "त्यावर मी पीठ मोजते." पुसून ठेवीन म्हटलं. बकल जड, पण विश्वासाचं. कड्या हलक्या, पण सरकल्या तर? आणि दोरी एवढी हलकी, की तिच्यावर आपला देह सोपवावासाच वाटेना. आधी नुसती झोप नव्हती, आता झोप नाही आणि वर डोक्यात कड्या! त्यात मेहुण्याचा फोन, अजून ठरत नाही का म्हणून. टांगायचं आणि झोपायचं, भावजी...

शेवटी शनिवारी दुपारी, त्याची गाडी यायच्या आधी, म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष लावू. गॅलरीत एका टोकाला खांबाला बकल, दुसऱ्या टोकाला खिडकीच्या गजाला कड्या, मध्ये झुला. पण मीच आत बसलो तर काय सरकतंय ते बघणार कोण? बायकोला म्हटलं, जरा बस. तिला कामं होती. अगं, पाच मिनिटं! बसली. मी बकल ओढलं. म्हणाली, डोकं फार वर गेलं. सोडलं. म्हणाली, आता पाय. कड्यांकडून पाय उचलले. "हं, आता बरोबर..." आणि पुढे आवाजच नाही. बघतो तर झोपलेली. भरदुपारी! अख्खा संसार झाला, या बाईला दुपारी आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं. पाहणार कसा म्हणा, दुपारी मी ऑफिसात झोपलेला असायचो.

एवढ्यात मेहुणा वर आला, पाठीवर सामान. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हळूच विचारलं, "ताईला उठवायचं?"

काय सांगणार? उठवलं असतं तर झुला सुटला असता, मी डोंगरावर गेलो असतो, कदाचित... कदाचित झोपलोही असतो. "तू जा," म्हटलं.

गेला. आणि कड्या सरकतात हो! थोड्या थोड्या, पण सरकतात. म्हणून हा असा स्टुलावर बसलोय, तिचे पाय खाली आले की हळूच पट्टा ओढतो. मेहुण्याचं चुकलं असं नाही. टांगायचं आणि झोपायचं, खरंच त्यात काही नाही. फक्त एकाने टांगायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, एवढं सांगायचं राहिलं त्याच्याकडून.