सोड्याला दिलेलं सिलिंडर

पावसला जाणाऱ्या एसटीच्या रांगेत गुणवंतीच्या पुढे संशोधन करणाऱ्या योगिनी मॅडम आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला स्वरूप उभे होते.

“कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर सोड्याच्या स्टॉलला दिलंस?”

“गॅदरिंग होतं, मॅडम. मिथेन होताच की!”

“अरे, दोन्ही मिळून इंधनाचा वायू होतो. नुसत्या मिथेनने निकेलवर काजळी धरते! वर्षभर खपून त्यासाठीच मातीवर निकेल बसवलं. पहिल्यांदाच ते काळं न पडता टिकलं होतं. तासाभरात गेलं.”

“पुसलं तर?”

“तवा आहे का तो?”

“मग आता?”

“पुन्हा माती, पुन्हा निकेल. उद्या सकाळी ये.”

“उद्या रविवार, मॅडम.”



गाडी आली. गुणवंतीने खिडकीची जागा धरली आणि मॅडमना हाक मारली.

“बसा बाय. हा येईल उभ्याने.”